किंग क्रिम्सनची गाणी रेकॉर्डवर असताना त्यांच्या मैफिली का ऐकायच्या?

तुमचा प्रश्न असा आहे: यूट्यूबवर किंग क्रिम्सन या ब्रिटिश रॉक बँडचा एक व्हिडिओ पाहिला, त्यात तीन ड्रमर रंगमंचाच्या अगदी पुढच्या कडेला बसलेत आणि सत्तरीतली माणसं सूट-टाय घालून मागे उंचावर. गाणी तर रेकॉर्डवर स्वच्छ ऐकायला मिळतात, मग लोक या मैफिलींबद्दल एवढं भारावून का बोलतात? आणि नव्या माणसाने सुरुवात कुठून करावी?

मी या बँडच्या नादात वीसेक वर्षं आहे. त्यांना समोर बसून मात्र एकदाच ऐकलं, जून २०१९ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये. नोकरीमुळे तेव्हा तिकडे होतो. ती रात्र अजून डोक्यातून गेलेली नाही, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी तुमच्या प्रश्नातल्या एका गृहीतकाबद्दल. गाणं आधी स्टुडिओत तयार होतं आणि नंतर मैफिलीत त्याची नक्कल होते, असं आपण धरून चालतो. क्रिम्सनच्या बाबतीत बऱ्याचदा उलटं घडलंय. ५ जुलै १९६९ रोजी लंडनच्या हाइड पार्कात रोलिंग स्टोन्सचा फुकट कार्यक्रम होता, लाखोंची गर्दी. त्यांच्या आधी ज्यांना वाजवायला मिळालं, त्यांत हा जेमतेम काही महिन्यांचा बँड होता. तिथे त्यांनी 'ट्वेंटीफर्स्ट सेंचुरी स्किझॉइड मॅन' वाजवलं. ज्या अल्बममध्ये ते गाणं आहे तो बाजारात आला ऑक्टोबरमध्ये! म्हणजे लोकांनी ते आधी मैदानात ऐकलं, मग तबकडीवर. 'स्टारलेस'चंही तसंच. १९७४ च्या वसंतात आणि उन्हाळ्यात ते मंचावर घोटून घोटून घडलं आणि त्यानंतर 'रेड' या अल्बमसाठी रेकॉर्ड झालं.

याहून मोठी गोष्ट १९७४ च्याच 'स्टारलेस अँड बायबल ब्लॅक' या अल्बमची. (नावामुळे गोंधळू नका, 'स्टारलेस' हे गाणं या अल्बममध्ये नाही.) तो स्टुडिओ अल्बम म्हणूनच विकला गेला, पण त्यातला बराचसा भाग मैफिलींमधला आहे, विशेषतः २३ नोव्हेंबर १९७३ च्या अ‍ॅमस्टरडॅममधल्या कॉन्सर्टखबाऊ या सभागृहातल्या कार्यक्रमातला. टाळ्या आणि प्रेक्षकांचे आवाज काढून टाकले होते. कित्येकांनी तो वर्षानुवर्षं ऐकला आणि आपण मैफल ऐकतोय याचा त्यांना पत्ताही नव्हता. त्यांतला एक मी.

त्या रात्रीचा एक तुकडा या अल्बममध्ये आहे, 'ट्रिओ'. आधी काहीही न ठरवता मंचावर सुचत गेलेलं संगीत. डेव्हिड क्रॉसचं व्हायोलिन, जॉन वेटनचा बास आणि बँडचा संस्थापक-गिटारवादक रॉबर्ट फ्रिप याच्या मेलोट्रॉनमधून (फितीवर ध्वनिमुद्रित केलेले सूर वाजवणारं कीबोर्डवाद्य) येणारा बासरीसारखा सूर. तिघांनी मिळून इतकं हळुवार काही मांडलंय की खोलीतला पंखा बंद करावासा वाटतो. चौथा माणूस होता ड्रमर बिल ब्रुफर्ड. त्याने त्या सगळ्या वेळात एकही ठोका वाजवला नाही. दोन्ही काठ्या छातीवर आडव्या धरून तो बसून राहिला. इथे ड्रमची गरज नाही हे त्याने ओळखलं, आणि ते ओळखणं हासुद्धा त्या रचनेतला त्याचा वाटा आहे असं मानून बाकीच्यांनी रचनाकारांत त्याचंही नाव घातलं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमचं मिरजेचं घर आठवलं. माझं लहानपण मिरजेत गेलं. दर्ग्याच्या उरुसात रात्र रात्र गाणं चालतं तिथे वडील मला मांडीवर घेऊन बसायचे. आलाप चालू असताना तबलजी हात मांडीवर ठेवून, डोळे मिटून बसलेला असतो. तो तेव्हाही मैफिलीतच असतो, पुरता. मला ते इतकं ओळखीचं होतं की ब्रुफर्डची गोष्ट विचित्र वाटलीच नाही, आपल्यातल्याच कुणाची वाटली. दोन संगीतांची तुलना करायचा माझा वकूब नाही. पण बैठकीत बसून तयार झालेल्या कानाला क्रिम्सन लवकर उमगतो, हे मी अनुभवाने सांगतो.

हा बँड एकसलग चालला नाही. १९७४ मध्ये फ्रिपने तो बंद केला. १९८१ मध्ये गायक-गिटारवादक एड्रियन बेल्यू, बासवादक टोनी लेविन आणि ब्रुफर्डला घेऊन पुन्हा उभा केला, आणि ते संगीत पूर्ण वेगळं होतं: दोन गिटारींचे छोटे छोटे नक्षीकामासारखे तुकडे एकमेकांत अडकत, सुटत जातात. १९९४ ला दोन गिटार, दोन बास, दोन ड्रमर अशी सहा जणांची दुहेरी तिकडी. या प्रत्येक वेळी फ्रिप जुनी गाणी जवळपास टाकूनच द्यायचा. लोक ओरडून मागायचे आणि तो वाजवायचा नाही.

म्हणूनच २०१४ ची गोष्ट मोठी आहे. त्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या ऑल्बनी शहरातून सात जणांचा नवा क्रिम्सन सुरू झाला आणि १९६९ पासूनचं सगळं त्यांनी वाजवायला घेतलं. 'स्टारलेस' तर क्रिम्सनने तोपर्यंत चाळीस वर्षं वाजवलं नव्हतं. फ्रिपचं सूत्र असं होतं की संगीत कधीही लिहिलेलं असो, ते आज वाजवताना नवं असतं. तुम्ही व्हिडिओत पाहिलेला बँड हाच.

आता ते तीन ड्रमर. मी गेलो तेव्हा प्रेक्षकांच्या डावीकडे पॅट मॅस्टलोटो, मध्ये गोल टोपीवाला जेरेमी स्टेसी (तो कीबोर्डही सांभाळायचा) आणि उजवीकडे गॅव्हिन हॅरिसन. बहुतेक बँडमध्ये ड्रमर मागे अंधारात असतो. इथे मागच्या चौथऱ्यावर सॅक्सोफोनवादक मेल कॉलिन्स, टोनी लेविन, गायक-गिटारवादक जॅको जॅक्सझिक आणि अगदी उजव्या कडेला स्टुलावर बसून वाजवणारा फ्रिप. मला जाण्याआधी भीती वाटत होती की तीन ड्रमर म्हणजे तिप्पट दणदणाट असणार. पण कार्यक्रम सुरू झाला आणि एक ठेका डावीकडून निघाला, मधल्याने उचलला, उजवीकडे पोचला आणि परत फिरला. मी अक्षरशः मान वळवत होतो. एकच बोल तिघांत तोडून वाटलेला, आणि जोड कुठेही दिसत नाही. तिघांपैकी एक जण लय धरून ठेवतो, दुसरा झांजांवर नुसते शिंतोडे उडवतो, तिसरा गप्प. जिथे तिघे एकत्र येतात तिथे छातीत हादरा बसतो, कारण तोपर्यंत त्यांनी तो राखून ठेवलेला असतो. हे रेकॉर्डवर कळत नाही असं नाही, हेडफोन लावले तर बरंच कळतं. पण कोण थांबलंय हे दिसायला समोरच बसावं लागतं.

फोटो काढायला बंदी होती. मंचावर फलक आणि सुरुवातीला ध्वनिमुद्रित सूचना: कान ऐकायला वापरा, डोळे पाहायला. शेवटी टोनी लेविन स्वतःचा कॅमेरा काढून प्रेक्षकांचे फोटो घेतो, तेव्हा तुम्हीही काढा. काही लोकांना हा हेकटपणा वाटतो. मला तो त्या संध्याकाळचा सर्वात मोठा उपकार वाटला. एवढ्या प्रचंड गोल सभागृहात एकही चमकता पडदा हातात नाही, हजारो माणसं फक्त ऐकतायत. हल्ली असं कुठे मिळतं?

प्रकाशयोजनाही जवळजवळ नव्हती. साधा पांढरा उजेड, धूर नाही, पडद्यावर चित्रं नाहीत. फक्त 'स्टारलेस'ला तो उजेड बदलतो, आणि त्याबद्दल नीट सांगायला हवं.

गाणं सुरू होतं संथ, उदास धुनेने. गिटारचा लांब सूर, खाली मेलोट्रॉनचा पडदा. मग गाण्याचे शब्द. ते संपले की सगळं थांबल्यासारखं होतं आणि बास तेरा मात्रांचं एक आवर्तन घेऊन चालायला लागतो. त्यावर फ्रिप एकच स्वर वाजवतो. तोच स्वर, पुन्हा पुन्हा, दोन तारांवर आलटून पालटून. काही आवर्तनांनी तो किंचित वर सरकतो. तिथेच राहतो. पुन्हा किंचित वर. ड्रमर एकेक करून काही ना काही टाकत राहतात, कुठे लाकडी टकटक, कुठे धातूची किणकिण. आणि या सगळ्यात मंचावरचा पांढरा उजेड हळूहळू तांबूस व्हायला लागतो. इतका हळू, की आपल्याच डोळ्यांत काहीतरी झालंय असं वाटतं. माझ्या शेजारी एक वयस्क इंग्रज बाई होत्या. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरून ठेवला होता. मी पाहिलं तर माझाही हात तसाच.

ताण असह्य होतो तेव्हा मंच पूर्ण लाल झालेला असतो आणि लय एकदम दुप्पट होऊन सुटते. मेल कॉलिन्सचा सॅक्सोफोन आत घुसतो. आता गंमत बघा, १९७४ च्या मूळ रेकॉर्डवर याच गाण्यात वाजवणाऱ्यांत कॉलिन्स होता. पंचेचाळीस वर्षांनी तोच माणूस, बहात्तराव्या वर्षाकडे झुकलेला, त्याच जागी उभा राहून वेगळंच काही वाजवत होता. शेवटी सुरुवातीची ती उदास धून परत येते, पण आता ती उदास राहिलेली नसते. एवढी मोठी होऊन येते की मला रडू आवरलं नाही. लाज वाटायचं कारण नव्हतं, त्या बाईही रडत होत्या.

रेकॉर्डवरचं 'स्टारलेस' मी शेकडो वेळा ऐकलंय आणि ते थोरच आहे. तो एकच स्वर पुढे कुठे जाणार हे मला पाठ होतं. तरी त्या रात्री तो स्वर वर सरकण्याची मी जी वाट पाहिली, ती घरी कधी पाहिली नव्हती. घरी मी गाणं ऐकता ऐकता चहा टाकतो. तिथे तो सत्तरी ओलांडलेला माणूस स्टुलावर पाठ ताठ करून बसलाय, त्याच्या बोटांकडे बघत सगळं सभागृह थांबलंय, आणि चूक झाली तर ती सर्वांसमोर होणार आहे. तुमच्या 'का' चं माझ्याकडचं उत्तर हे आहे.

आता हे समोर बसून ऐकता येणार नाही याचं मला वाईट वाटतं. ८ डिसेंबर २०२१ रोजी टोकियोच्या ऑर्चर्ड हॉलमध्ये या बँडचा शेवटचा कार्यक्रम झाला, आणि शेवट 'स्टारलेस'नेच झाला. त्याबद्दल लिहिताना फ्रिपने निरोपाचे लांबलचक शब्द वापरले नाहीत, क्रिम्सन ध्वनीकडून शांततेकडे गेला एवढंच म्हटलं. बेल्यू आणि लेविन यांनी २०२४ मध्ये गिटारवादक स्टीव्ह वाय आणि ड्रमर डॅनी केरी यांना घेऊन 'बीट' नावाने ऐंशीच्या दशकातलं क्रिम्सन वाजवायला घेतलं. संधी मिळाली तर जरूर जा, फक्त ही तीन ड्रमरवाली गाणी तिथे मिळणार नाहीत.

सुरुवात कुठून करावी, तर तीन ड्रमर पाहायचेच असतील तर 'रॅडिकल अ‍ॅक्शन'चं चित्रीकरण बघा, ते मुख्यतः जपानमधल्या २०१५ च्या कार्यक्रमाचं आहे. 'मेल्टडाउन' हे मेक्सिकोतलं, २०१७ चं, त्यात आठ जण आहेत. नुसतं ऐकायला 'लाइव्ह इन शिकागो', २८ जून २०१७ ची रात्र. मी सर्वात जास्त वेळा हेच लावतो. जुन्या काळातलं हवं असेल तर 'यूएसए', मुख्यतः जून १९७४ मधलं अ‍ॅस्बरी पार्कचं, खरखरीत आणि प्रचंड ताकदीचं. १९७२ चं 'अर्थबाउंड' सुरुवातीला नको, ते साध्या कॅसेटवर ध्वनिमुद्रित झालंय आणि नवा माणूस त्या आवाजानेच पळून जाईल.

पण माझं ऐकाल तर या सगळ्याच्या आधी 'ट्रिओ' लावा. जेमतेम साडेपाच मिनिटांचं आहे. रात्री घर झोपल्यावर, आवाज थोडा वाढवून, कारण सुरुवातीला काहीच ऐकू येत नाही असं वाटेल. मग व्हायोलिन येईल. ड्रम कधी येतात याची वाट बघू नका, ब्रुफर्ड तिथेच बसलाय.