वाचकांचे प्रश्न : आर. के. लक्ष्मण आणि त्यांचा न बोलणारा माणूस

राजकीय व्यंगचित्रांविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन आम्ही केले होते. आलेल्या पत्रांपैकी बरीच टाइम्स ऑफ इंडियाचे व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांच्याविषयी असल्याने या वेळचे सदर त्यांच्यासाठीच राखून ठेवले आहे. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : लक्ष्मण यांना मुंबईच्या जे. जे. कलाशाळेने प्रवेश नाकारला होता, असे नेहमी ऐकतो. हे खरे असेल, तर रेषेवरची इतकी हुकमत त्यांनी मिळवली कोठून?
(निवृत्त चित्रकला शिक्षक, कोल्हापूर)

उत्तर : प्रवेश नाकारला गेला, हे खरे आहे. विद्यार्थी म्हणून दाखल करून घ्यावे इतके गुण तुमच्या चित्रांत दिसत नाहीत, अशा आशयाचे उत्तर त्यांना आले होते आणि ते स्वतःच ही हकिकत सांगत असत. परंतु ती इतक्या वेळा सांगितली जाते की, त्यांचे खरे शिक्षण कोठे झाले याकडे कोणी वळतच नाही. आपण नेमके तेच विचारले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

लक्ष्मण यांचा जन्म 24 ऑक्टोबर 1921 रोजी म्हैसूरमध्ये झाला. वडील मुख्याध्यापक होते आणि भावंडांत लक्ष्मण सर्वांत धाकटे. घरातल्या फरशीवर, भिंतींवर आणि दारांवर खडूने चित्रे काढणाऱ्या या मुलाने शाळेत पिंपळाचे पान काढले, तेव्हा शिक्षकांनी त्याचे कौतुक केले आणि आपण चित्रकार होणार हे त्याच्या मनाने तेव्हापासूनच घेतले. घरी येणाऱ्या ‘द हिंदू’मध्ये डेव्हिड लो या ब्रिटिश व्यंगचित्रकाराची चित्रे छापली जात. सहीतले पहिले अक्षर नीट न लागल्यामुळे लक्ष्मण कित्येक दिवस या चित्रकाराचे नाव ‘काउ’ आहे असे समजत होते. पण चित्रे मात्र त्यांनी बारकाईने वाचली होती. कुंचल्याचा जाड फटकारा आणि त्याच्या शेजारी केसासारखी बारीक रेघ, ही लो यांची पद्धत लक्ष्मण यांच्या चित्रांत शेवटपर्यंत दिसते.

याहूनही मोठी शाळा होती ती गोष्टींसाठी चित्रे काढण्याची. म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात शिकत असतानाच ते थोरले बंधू आर. के. नारायण यांच्या ‘द हिंदू’मधील कथांना चित्रे काढत आणि ‘कोरवंजी’ या कन्नड विनोदी मासिकासाठीही काम करत. कथाचित्र काढणाऱ्याला नुसता चेहरा काढून भागत नाही. दुकानाची फळी, ओसरीचा खांब, वळणावर उभा असलेला टांगा, गर्दीतल्या चौथ्या माणसाच्या हातातली पिशवी, हे सारे त्याला ठाऊक असावे लागते. लक्ष्मण तासन्‌तास रस्त्यांवर आणि चौकांत बसून हे टिपत. पुढे त्यांच्या राजकीय चित्रांत मंत्र्याच्या मागे जी झोपडी, जी गळकी छत्री किंवा जे फायलींनी वाकलेले कपाट दिसते, त्याचे मूळ माझ्या मते या कथाचित्रांत आहे. आपल्याकडे पुष्कळ व्यंगचित्रकारांना अर्कचित्र, म्हणजे चेहऱ्यातले ठळक विशेष वाढवून काढलेले चित्र, उत्तम साधते, परंतु माणसाभोवतीची जागा साधत नाही. लक्ष्मण यांना दोन्ही साधले होते.

प्रश्न : ‘सामान्य माणूस’ त्यांना कसा सुचला? आणि तो कधीच का बोलत नाही?
(डोंबिवली, सोलापूर आणि बेळगाव येथील वाचक)

उत्तर : 1947 मध्ये लक्ष्मण टाइम्स ऑफ इंडियात रुजू झाले. सुरुवातीच्या चित्रांत देशातील जनता दाखवायची म्हणजे बंगाली, तमिळ, पंजाबी, मराठी अशा वेगवेगळ्या पेहरावांतील माणसांची गर्दी ते काढत. प्रत्येकाचे पागोटे, प्रत्येकाची मिशी, प्रत्येकाचे धोतर नेसण्याची रीत निराळी. आणि छपाईची वेळ तर ठरलेली. त्यामुळे एकेक माणूस गळत गेला आणि शेवटी एकच उरला : चौकड्यांचा कोट, धोतर, गोल चष्मा, टकलामागे उरलेले थोडे पांढरे केस, नाकाखाली आखूड मिशी. वेळेच्या तगाद्यातून जन्मलेला हा माणूस 1951 पासून ‘यू सेड इट’ या एका स्तंभाच्या चौकटीत रोज पहिल्या पानावर येऊ लागला.

त्याचे न बोलणे हा मला लक्ष्मण यांच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा निर्णय वाटतो. त्याला तोंड दिले असते, तर त्याला मत द्यावे लागले असते आणि मत आले की पक्ष आला. हा माणूस मंत्र्याच्या दालनात, खेड्यातल्या कोरड्या विहिरीपाशी, विमानात, परिषदेत, कोठेही उभा राहू शकतो तो केवळ गप्प असल्यामुळे. बोलतात ते दुसरे. पुढारी बोलतो, सचिव बोलतो, क्वचित त्याची बायकोही बोलते. चौकटीखालची ओळ बहुधा सत्तेतल्या माणसाची असते आणि तो आपल्याच तोंडाने आपली पोल उघडी करतो. लक्ष्मण यांचे एक गाजलेले चित्र आठवा. चंद्रावर पाठवण्यासाठी योग्य माणूस सापडल्याचा आनंद शास्त्रज्ञ व्यक्त करत आहेत, कारण हा माणूस अन्न, पाणी, उजेड, हवा आणि निवारा यांच्यावाचून जगू शकतो. सामान्य माणूस तेथे फक्त उभा आहे. त्याने तक्रारीचा एक शब्द उच्चारला असता, तर चित्राची सारी धार गेली असती.

सोलापूरच्या वाचकांनी एक आक्षेपही घेतला आहे : हा माणूस तर मध्यमवर्गीय, वयस्कर पुरुष आहे, मग शेतमजूर, दलित, गिरणीत राबणारी बाई यांचे काय? आक्षेप रास्त आहे. चौकड्यांच्या कोटातील हा गृहस्थ वर्तमानपत्र विकत घेऊन वाचणाऱ्या वर्गातला आहे. झोपडपट्टीतील आणि दुष्काळी गावातील माणसे लक्ष्मण यांनी असंख्य वेळा आणि मोठ्या जिव्हाळ्याने काढली, तरी त्या चौकटीतही पाहणारा हाच गृहस्थ असतो. त्याला सगळ्या देशाचा प्रतिनिधी म्हणण्याची आपल्याला सवय लागली आहे. मी त्याला साक्षीदार म्हणेन.

प्रश्न : लक्ष्मण आणि बाळासाहेब ठाकरे एकाच कचेरीत होते का? दोघांच्या चित्रांत काय फरक आहे?
(वाचक, ठाणे)

उत्तर : होय, मुंबईच्या ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये दोघे सहकारी होते आणि त्यांचा स्नेह अखेरपर्यंत टिकला. लक्ष्मण तेथे थोडाच काळ राहिले. साम्यवाद्यांवर चित्रे काढू नयेत, असे मालकांकडून सांगण्यात आल्यावर त्यांनी ती नोकरी सोडली आणि टाइम्सची वाट धरली. ठाकरे यांनी 1960 मध्ये बंधू श्रीकांत यांच्यासह ‘मार्मिक’ सुरू केले.

दोघांवरही डेव्हिड लो यांचा प्रभाव होता आणि दोघांचाही कुंचला जोरकस होता, त्यामुळे नुसती रेघ पाहिली तर ते एका घराण्यातले वाटतात. फरक चित्राच्या हेतूत आहे. ‘मार्मिक’मधील चित्र वाचकाला उद्देशून असे आणि त्याने काहीतरी करावे अशी त्याची अपेक्षा असे. त्याच साप्ताहिकात मुंबईतील कचेऱ्यांमधील अमराठी अधिकाऱ्यांच्या याद्या ‘वाचा आणि थंड बसा’ या मथळ्याखाली येत आणि पुढे तो मथळा ‘वाचा आणि उठा’ असा झाला. 1966 मध्ये शिवसेना स्थापन झाली, तिच्यामागे या साप्ताहिकाने तयार केलेला वाचकवर्ग होता. लक्ष्मण यांच्या चित्राने कोणाला उठायला सांगितले नाही. ठाकरे यांची ताकद मोठी होती, हे मान्य करूनही मला व्यंगचित्रकाराचे काम लक्ष्मण यांच्या बाजूचे वाटते, कारण संघटना उभी राहिली की तिच्या नेत्याचे अर्कचित्र त्याच कुंचल्यातून उतरणे अवघड होते.

प्रश्न : आणीबाणीत लक्ष्मण यांनी काय केले? त्यांच्यावर दबाव आला होता का?
(विधी शाखेची विद्यार्थिनी, नागपूर)

उत्तर : जून 1975 मध्ये आणीबाणी आणि त्याबरोबर प्रसिद्धीपूर्व नियंत्रण आले. लेखातील एखादे वाक्य खोडून उरलेला लेख छापता येतो. व्यंगचित्राचे तसे नसते. ते पूर्ण जाते किंवा पूर्ण राहते. त्याच वर्षी व्यंगचित्रकार शंकर यांनी 1948 पासून चालवलेले ‘शंकर्स वीकली’ हे व्यंगचित्रांचे साप्ताहिक बंद केले. डिसेंबरमध्ये ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये व्यंगचित्रकार अबू अब्राहम यांचे ते प्रसिद्ध चित्र आले, ज्यात राष्ट्रपती न्हाणीच्या टबात बसूनच वटहुकमावर सही करत आहेत आणि आणखी वटहुकूम असतील तर जरा थांबायला सांगा, असे म्हणत आहेत.

लक्ष्मण यांनी पंतप्रधान इंदिरा गांधी यांची भेट घेऊन आपल्या कामाविषयी विचारणा केली होती. पुढे सरकारकडून त्यांना तंबी मिळाली आणि मनाने खचून ते काही काळ परदेशी सुट्टीवर निघून गेले. या काळात ते बंडखोर म्हणून उभे राहिले, असे लिहिणे सत्याला धरून होणार नाही. अबूंचे ते एक चित्र त्या महिन्यांतील कोणत्याही चित्रापेक्षा धारदार आहे, असे माझे मत आहे. परंतु 1977 च्या निवडणुकीनंतर जनता पक्षाचे सरकार आले, तेव्हा त्या पक्षातील भांडणांवरही लक्ष्मण तितक्याच निष्ठुरपणे तुटून पडले, हेही त्यांच्या हिशेबात धरले पाहिजे. नव्या सत्तेचे स्वागत म्हणून काही दिवस हात आवरता घेणे त्यांना जमले नाही.

याच्या तुलनेत आधीचा एक प्रसंग पाहण्यासारखा आहे. 1962 च्या चीन युद्धानंतर लक्ष्मण यांनी पंडित नेहरूंवर टीका करणारे चित्र काढले. ते छापून आल्यावर नेहरूंचा दूरध्वनी आला आणि चित्र आवडल्याचे सांगून त्यांनी त्याची सही केलेली मोठी प्रत मागितली. तेरा वर्षांत दिल्लीची हवा किती बदलली होती, हे या दोन प्रसंगांवरून कळते.

प्रश्न : वर्तमानपत्राखेरीज त्यांनी काय केले?
(वाचक, पणजी)

उत्तर : पुष्कळ काही. रंगाचा डबा घेतलेला ‘गट्टू’ हा एशियन पेंट्सचा खट्याळ मुलगा त्यांनी 1954 मध्ये काढला. दूरदर्शनवरील ‘मालगुडी डेज’ची रेखाटने त्यांची होती आणि ‘वागले की दुनिया’ ही मालिका त्यांच्याच कल्पनेतून उभी राहिली. त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या. कावळ्यांवर तर त्यांचे लहानपणापासून प्रेम होते. त्यांनी काढलेल्या कावळ्यांच्या चित्रांची प्रदर्शनेही भरली. 1984 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार आणि 2005 मध्ये पद्मविभूषण मिळाले. 2003 मध्ये पक्षाघाताने डावी बाजू अधू झाल्यावरही उजव्या हाताने चित्रे काढणे त्यांनी थांबवले नाही. 26 जानेवारी 2015 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. सामान्य माणसाचे पुतळे पुण्यात सिम्बायोसिसच्या आवारात आणि मुंबईत वरळीच्या समुद्रकिनारी आहेत.

प्रश्न : मला राजकीय व्यंगचित्रे काढायची आहेत. लक्ष्मण यांच्याकडून नेमके काय शिकावे?
(महाविद्यालयीन विद्यार्थी, रत्नागिरी)

उत्तर : त्यांची रेघ गिरवू नका, ती गिरवणारे पुष्कळ झाले आणि कोणाच्याच हाताला ती बसली नाही. त्यांचा दिनक्रम मात्र अभ्यासण्यासारखा आहे. सकाळी कचेरीत येऊन ते वर्तमानपत्रे वाचत बसत. कल्पना सापडायला कित्येक तास जात आणि चित्र प्रत्यक्ष काढायला त्या मानाने थोडा वेळ लागे. आज बातमी कळताच अर्ध्या तासात चित्र मोबाइलवर टाकण्याची घाई असते. तिच्यात बातमीचे चित्र होते, बातमीवरचे मत तयार होत नाही.

दुसरे असे की, त्यांच्या एखाद्या संग्रहातील चित्रे घेऊन खालची ओळ कागदाने झाका. कोण बलवान आहे, कोण घाबरलेला आहे, खोलीत कोणाची खुर्ची उंच आहे, हे ओळीवाचून कळते का ते पाहा. मग ओळ वाचा आणि तिने चित्रात नव्याने काय घातले, ते आपल्या शब्दांत लिहून काढा. याच्या जोडीला शि. द. फडणीस यांची शब्दविरहित हास्यचित्रे पाहा, म्हणजे ओळीचा आधार अजिबात न घेता चित्र कसे पूर्ण होते, तेही ध्यानात येईल. अर्कचित्रासाठी नरसिंह रावांचे ओठ आणि इंदिरा गांधींचे नाक लक्ष्मण यांनी कसे वापरले ते पाहण्यासारखे आहे. एकाच व्यक्तीची पाच-दहा वर्षांच्या अंतराने काढलेली चित्रे शेजारी ठेवलीत, तर चेहऱ्यातला कोणता भाग त्यांनी वाढवत नेला आणि कोणता हळूहळू सोडून दिला, हे तुमचे तुम्हालाच दिसेल. तालुक्याच्या बाजारात किंवा एसटी स्थानकावर वही घेऊन बसायला मात्र आजपासूनच सुरुवात करा, आणि पहिले वर्षभर एकाही पुढाऱ्याचे चित्र काढू नका.