एरवी कोरड्या असणाऱ्या ओढ्याला पुरासाठी काँक्रीटची भिंत घालावी की तसाच ठेवावा?

तुम्ही दुष्काळी आटपाडीकडचे. ओढा दहा महिने कोरडा, एका रात्रीत गावात घुसला, आता निधी आलाय तर ओढा सरळ करून दोन्ही अंगाला आरसीसी भिंत घालायची की झाडं-पाखरं बघून तसाच ठेवायचा, असं विचारलंय. माझं सरळ म्हणणं, भिंत घालू नका. आमच्या घरात भिंतीपायीच चार दिवस जादा पाणी थांबलं.

घर कोल्हापुरात, शाहूपुरीत, जयंती नाल्याच्या अंगाला. 2005 च्या पुरानंतर थोरल्या भावानं, दादानं, परड्यात सात फुटी भिंत घातली आणि त्यासाठी काठावरची दोन करंजाची झाडं आणि एक उंबर तोडला. मी तेव्हाच म्हणलो होतो, दादा, भिंतीवरनं नाय आलं तर पाणी मोरीतनं येणार. तुला काय कळतंय, म्हणाला, विषय संपला. 2019 च्या ऑगस्टात राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी 43, आणि पंचगंगेची फूग, म्हणजे नदी तुंबून मागं सरकणारं पाणी, नाल्यातनं उलटी वर चढली. रात्री दोनला बाथरूममधनं गुडगुड आवाज यायला लागला, बॅटरी मारून बघतोय तर जाळी उचलून काळं पाणी आत येतंय. भिंत शाबूत, आणि आम्ही आत गुडघाभर पाण्यात, आईला खांद्यावर घेऊन माडीवर नेली. पुढं नदी उतरली, शेजाऱ्यांची परडी मोकळी झाली, आमच्यात मात्र मोरी गाळानं बंद आणि भिंतीनं पाणी कोंडलेलं. शेवटी दादानंच पहार घेऊन भिंतीला खालनं भोक पाडलं. आता म्हणतोय पुढच्या वेळी नऊ फूट करू.

तुमच्याकडं फूग नाही, तुमचं पाणी वरनं दोन तासांत सुसाट येतंय, तरी भिंत नकोच. ओढा सरळ केला की उतार वाढतो, पाणी जास्त जोरानं पळतं आणि तुमचा पूर खालच्या गावाच्या बोकांडी बसतो. तळाला काँक्रीट केलं तर वाळूतनं मुरणारं पाणी बंद, मग उन्हाळ्यात विहिरी कोरड्या, तुमच्या भागाला हे परवडणारंय का? खोलीकरणाच्या नावाखाली वाळू उपसली तरी तेच. काठच्या बाभळी गेल्या की सुगरणीची घरटी गेली, आणि काठ धरून ठेवणारी मुळंपण गेली.

माझा भाचा अ‍ॅरिझोनात असतो, तिथं स्कॉट्सडेलला इंडियन बेंड वॉश म्हणून असाच कोरडा ओढा आहे. सरकारी इंजिनिअरांनी काँक्रीटचा कालवा सुचवलेला, लोकांनी तो नाकारला आणि जवळपास 18 किलोमीटर लांबीची रुंद हिरवळ, मैदानं, तळी केली. एरवी पोरं खेळतात, पूर आला की पाणी तिथनं जातं. वाळवंटातल्या माणसांना हे सुचलं, आम्ही मात्र नाल्याच्या पात्रात प्लॉट पाडले.

तुम्ही आधी पात्रातली अतिक्रमणं काढा, रस्त्याखालच्या नळ्या काढून रुंद गाळ्याचा पूल करा, कारण वेड्या बाभळीचा एक फांदोरा अडकला तरी नळी बंद पडते आणि तिथनंच पाणी गावात वळतं. वरच्या माळावर समतल चर, म्हणजे उताराला आडवे एका पातळीत खणलेले चर, आणि छोटे दगडी बांध घाला. त्यानं पाण्याचा जोर कमी होतो, मोठा पूर मात्र थांबत नाही, हे पण ध्यानात ठेवा.

आणि हो, वळणावर घरं अगदी काठाला असली तर तेवढ्या टप्प्यात दगडी पिचिंग, म्हणजे काठाच्या उतारावर दगड बसवणं, करावंच लागेल, माणसं महत्त्वाची. मी इंजिनिअर नाही, उतार आणि पात्राची रुंदी बघून जाणत्याकडनं हिशेब करून घ्या.

ग्रामसभेत भिंतीचं इस्टिमेट ठेवतील तेव्हा एवढंच विचारा, पाणी आत आलं तर बाहेर कुठनं जाणार. भिंतीचा पाया काढताना दादाला मी हेच विचारलं होतं, अजून उत्तर दिलेलं नाही त्यानं.