नागपुरात पेडल बोट घडवायची असेल तर

अनेक आशीर्वाद,

हिंगण्याला शेड घेऊन तलावांसाठी फायबरच्या पेडल बोटी करायच्या, हे तू ठरवलंस ते योग्यच आहे. नागपूरला समुद्र कुठे, असं विचारणारे भेटतील. पण खिंडसी, नवेगावबांध, गोसेखुर्द आणि सीमेपलीकडचे मध्य प्रदेश-छत्तीसगडचे जलाशय धरले, तर तुझी शेड गिऱ्हाइकांच्या मधोमध आहे. होडी वजनाला हलकी असते, पण ट्रकमध्ये जागा फार खाते, आणि भाडं जागेचं पडतं. किनाऱ्यावरून इथवर होड्या आणणारा माणूस मुख्यतः हवेचं भाडं भरतो. म्हणून साचा करतानाच बाजूंना इतका उतार दे की सीट आणि पॅडलचं चाक काढल्यावर होड्या एकात एक बसतील.

मात्र किनाऱ्यावरची होडी जशीच्या तशी उतरवू नकोस. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असतं (घनमीटरला 1000 किलो, समुद्राचं 1025), त्यामुळे तेवढ्याच भाराला होडी इथे थोडी खोल बसते. खाऱ्या पाण्याला टिकणाऱ्या 316 स्टेनलेस स्टीलची गरज नाही, साधं 304 चालतं. पुढे इंजिनाच्या बोटी केल्यास तर जस्ताचा अ‍ॅनोड (स्वतः झिजून बाकीच्या धातूला गंजण्यापासून वाचवणारा तुकडा) लावू नकोस. गोड्या पाण्यात त्यावर थर चढतो आणि तो काम करेनासा होतो. तिथे मॅग्नेशियमचा लागतो.

आता खरं काम. चार माणसांच्या बोटीची खालची बॉडी साधारण 8 चौरस मीटर धर. साच्यात आधी जेलकोट (बाहेरून दिसणारा गुळगुळीत थर), मग काचतंतूंची, चौरस मीटरला 300 ग्रॅमची एक मॅट आणि 450 च्या दोन, रेझिनमध्ये (घट्ट होणारी पातळ राळ) भिजवून. म्हणजे मॅट 9.6 किलो, रेझिन तिच्या अडीचपट, 24 किलो, आणि जेलकोट 5 किलो. भिंत सुमारे 3 मिमी भरते. तळ दगडाला लागतो, तिथे 600 ची रोव्हिंग (काचतंतूंचं विणलेलं कापड) आणि वर आणखी एक मॅट घाल. उन्हाळ्यात तलाव आटतात आणि धक्क्याजवळ रोज तळ घासतो, तेव्हा इथे काटकसर नको. रेझिन आयसोफ्थॅलिक (पाण्याला जास्त टिकणारा प्रकार) घे. साधं थोडं स्वस्त पडतं, पण सतत पाण्यात राहणाऱ्या बॉडीवर पुढे फोड येतात.

जेलकोट अर्धा मिलिमीटर हवा. फार पातळ राहिला की तो नीट पिकत (घट्ट होत) नाही, आणि वरून रेझिन लावलं की त्यातलं स्टायरीन (रेझिनला पातळ ठेवणारा द्रव) त्याला उचलतं. साच्यातून काढल्यावर हत्तीच्या कातडीसारख्या सुरकुत्या दिसतात त्या याच. 0.8 च्या वर गेला तर तडकतो. मॅट कधी टाकायची ते बोटाने पाहा: बोट चिकटलं पाहिजे, पण रंग बोटाला यायला नको.

नागपूरच्या मे महिन्यात दुपारी 44-45 अंशांत हे काम करूच नकोस. भांड्यातलं रेझिन हातात असतानाच गोठतं, भांडं पोळतं आणि मॅट अर्धवट भिजलेली राहते. तेव्हा हार्डनर (रेझिन पिकवणारा द्रव) कमी करत जाण्याचा मोह होतो. रेझिनच्या 1 टक्क्याच्या खाली जाऊ नकोस, नाहीतर माल आतून कच्चा राहतो. पुरवठादाराकडून उन्हाळ्यासाठी सावकाश पिकणारं रेझिन मागव, पहाटे पाचला सुरुवात कर, एका वेळी दीड-दोन किलोच कालव आणि तेही पसरट ट्रेमध्ये. डिसेंबरात उलट: सकाळी 10-12 अंशांत रेझिन पिकतच नाही, म्हणून ऊन चढल्यावर काम. पावसाळ्यात मॅटला ओल धरते आणि थर दुधाळ दिसतो. रोल प्लास्टिकमध्ये बंद ठेव. आणि कोबाल्ट (पिकण्याचा वेग वाढवणारं द्रव्य) व हार्डनर कधीही थेट एकत्र येऊ देऊ नकोस, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मगच हार्डनर. दोन्हींचे डबे वेगळ्या कपाटांत, मापंही वेगळी.

तरंगण्यासाठी आत बंद पेशींचा (पाणी न शोषणारा) पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, फोम भर. 100 लिटर फोम पाण्यात साधारण 97 किलो उचलतो, आणि बुडालेलं फायबर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढंच जड लागतं. त्यामुळे 60 किलोच्या बोटीला तेवढा फोम असला तर पाणी भरूनही ती खाली जात नाही, चौघांना धरायला आधार राहतो. फोम थोडा थोडा ओत. एकदम ओतलास तर फुगून बॉडीला पोट येतं. थर्माकोल वापरून त्यावर रेझिन लावू नकोस, स्टायरीन त्याला विरघळवतं. मग पहिली बोट तलावात ने, ड्रेन प्लग (पाणी काढायचं बूच) काढ आणि काठोकाठ पाण्याने भरू दे. एका बाजूला कलंडली तर फोमची जागा चुकली आहे.

पॅडलच्या चाकाला जलपर्णी गुंडाळते, अंबाझरीसारख्या तलावावर तर हमखास. चाक आणि झाकण यांत चार बोटं मोकळी ठेव आणि झाकण दोन पिनांवर उघडेल असं कर. पाण्याजवळच्या जागी बॉल बेअरिंग गंजतं. नायलॉनचं बुश (दांडा ज्यात फिरतो ती नळी) दे, ते तलावावरचा पोरगाही पान्याने बदलू शकतो.

विक्रीबद्दल थोडंच. तलावाचा ठेका घेणारे पावसाळा संपायच्या आत भाव विचारतात, तेव्हा ऑगस्टमध्ये नमुना तयार हवा. सरकारी खरेदीसाठी जेम पोर्टलवर नोंदणी आधीच करून ठेव. दर सांगताना सीटइतकी लाइफ जॅकेटं, त्यांवर लहान मुलांची दोन, आणि एक बुश-संच बोटीच्या किमतीतच धर. ठेकेदार ती वेगळी घेत नाही, आणि मग जॅकेटाविना फेऱ्या मारतो. प्रत्येक बोटीवर किती माणसं आणि किती किलो, हे जेलकोटच्या खाली मराठीत कोरून दे. वरून चिकटवलेलं एका उन्हाळ्यात निघतं.