'सँडब्लाइंड'मध्ये वाळू कुठून आली?

प्रश्न असा आहे: अंधुक दिसणाऱ्याला इंग्रजीत 'सँडब्लाइंड' का म्हणत, डोळ्यांत वाळू जाते म्हणून? आणि शब्द मूळचा संस्कृत आहे का?

वाळूचा काही संबंध नाही. मूळ जोडशब्द 'सामब्लिंद', म्हणजे अर्धा आंधळा. जुन्या इंग्रजीत 'साम-' म्हणजे अर्धा: 'सामसोडेन' अर्धवट शिजलेलं, 'सामक्विक' अर्धमेला. पुढे 'हाफ'ने त्याची जागा घेतली, 'साम' कुणाला कळेना, मग लोकांनी कानाला जवळचा 'सँड' तिथे बसवला. शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये लान्सलॉटला त्याचा म्हातारा बाप ओळखत नाही, म्हणून लान्सलॉट बापाला सँडब्लाइंडच्याही पुढचा, 'हाय-ग्रॅव्हल-ब्लाइंड' म्हणतो. वाळूवरून थेट खडी! म्हणजे तोवर वाळू पक्की झाली होती. सॅम्युअल जॉन्सनने १७५५च्या कोशात तर डोळ्यांपुढे बारीक कण उडताना दिसण्याचा दोष, असा अर्थ दिला. शब्दाकडे बघून बेतलेला अर्थ, दुसरं काय.

आता संस्कृत. 'सामि' म्हणजे अर्धा, हे खरं. पाणिनीचं 'सामि' (२.१.२७) हे एका शब्दाचं सूत्रच आहे: सामि आणि क्त-प्रत्ययान्त (म्हणजे कृत, भुक्त यांसारखा) शब्द यांचा समास होतो, जसं सामिकृत, सामिभुक्त. 'सामसोडेन'ची घडणही तीच, 'अर्ध' अधिक भूतकाळवाचक धातुसाधित. पण म्हणून इंग्रजीने संस्कृतातून उचललं असं होत नाही. लॅटिन 'सेमि', ग्रीक 'हेमि', संस्कृत 'सामि', इंग्रजी 'साम' ही एका आईची भावंडं. एक दुसऱ्याचा बाप नव्हे. ग्रीकमध्ये शब्दाच्या सुरुवातीच्या, स्वरापूर्वीच्या 'स'चा 'ह' होतो (सप्त, हेप्टा), म्हणून 'हेमि'. 'क्विक' (जुना अर्थ 'जिवंत') आणि 'जीव'ही असेच सख्खे.

नुसत्या उच्चारसाम्यावर 'सगळं आपलंच' ठोकून देणाऱ्यांनी आधी तीन गोष्टी दाखवाव्यात: शब्दाचं सर्वांत जुनं लेखन, तोच घटक असलेले त्याच भाषेतले आणखी शब्द, आणि ध्वनिबदलाचा नियम इतरत्रही लागू पडतो याची उदाहरणं. तिसरी आली की बहुतेक जण गप्प होतात.

एक सांगायला हवं: 'सामब्लिंद' हे रूप जुन्या हस्तलिखितांत सापडलेलं नाही, 'साम-'च्या इतर शब्दांवरून अभ्यासकांनी ते बांधलं आहे. कोशात त्यापुढे तारांकन असतं ते त्यासाठी. आणि 'परब्लाइंड'ला याच मापाने मोजू नका. तो मुळात 'प्युअर', म्हणजे पूर्ण आंधळा. अर्थ घसरत घसरत अंधुक दिसणाऱ्यावर आला.