‘आमच्यात तसं मानतात’

प्रश्न : जानेवारीत माझी आई वारली. माती दिली त्या संध्याकाळी शेजारच्या काकूंनी पिठलं-भाकरीचा डबा आणून दिला. चार दिवसांनी त्या पुन्हा डोकावल्या आणि हळूच म्हणाल्या, “तुमच्यात मेलेलं माणूस परत उठतं म्हणतात. तुला खरंच वाटतं का गं तसं?” मी “हो, आमच्यात तसं मानतात” म्हणाले आणि चहा टाकायला आत पळाले. लहानपणापासून ईस्टरच्या पहाटे ‘ख्रिस्त उठला आहे’ म्हणत आले, आणि वेळ आली तेव्हा ही अशी साक्ष! यजमान म्हणतात, काकूंना बायबलचा नवा करार नेऊन दे. काय करू?
– एक भगिनी, पिंपरी

उत्तर : सलाम, ताई. ‘आमच्यात’ हा शब्द मीही पुष्कळदा वापरलाय. तो म्हटला की विषय मिटतो. आमच्यात आमटीला गूळ घालतात, आमच्यात मेलेले उठतात. काकूंनी मात्र ‘तुला’ वाटतं का, असं विचारलं होतं.

पण पळाल्याची लाज धरू नका. मार्कचा सोळावा अध्याय काढा. मग्दालीया मरीया, याकोबाची आई मरीया आणि सलोमे येशूच्या रिकाम्या कबरेपासून पळत सुटल्या आणि भीतीपोटी कोणाला काही बोलल्या नाहीत. आठवं वचन. चौथ्या शतकातली सिनाई आणि व्हॅटिकनची हस्तलिखितं आहेत ना, त्यांत मार्कचं शुभवर्तमान इथेच थांबतं. शब्बाथ शाळेत शिकवत होते तेव्हा हे वचन मी घाईघाईने उरकायची, मुलांनी काही विचारू नये म्हणून. आता तेच मला सगळ्यांत खरं वाटतं. गोष्ट रचायचीच असती तर पळून जाणारे साक्षीदार कोणी घेतले असते? त्यातून बायका! लूकच्या शुभवर्तमानात त्या जाऊन सांगतात, तर प्रेषितांनाच त्यांचं बोलणं वायफळ वाटतं. पुढे वीस-पंचवीस वर्षांनी पौल करिंथकरांना लिहितो, तेव्हा पेत्र, बारा जण, पाचशेहून अधिक बंधू, याकोब अशी, उठलेला येशू कोणाकोणाला दिसला त्यांची सगळी यादी देतो. तीत या तिघींची नावं नाहीत. (मला याचा अजून राग येतो, पण ते असो.) त्याच जागी तो हेही म्हणतो की मला जे मिळालं तेच मी तुमच्या हवाली केलं. त्याच्यापर्यंत ते आलं, त्याची सुरुवात त्या पळालेल्या बायकांपासून झालेली आहे.

आता नव्या कराराचं. इतक्यात नका नेऊ. आमच्या गल्लीत एका बाईंचा तरुण मुलगा गेला, तेव्हा मी आठव्या दिवशी वाटीभर शिरा आणि सोबत पुनरुत्थानावरची पुस्तिका घेऊन गेले होते. त्यांनी दोन्ही मुकाट्याने ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी वाटी परत आली. वाटी रिकामी पाठवू नये म्हणून त्यांनी तीत माझीच पुस्तिका घालून पाठवली होती. मेलेल्या लाजरला उठवायच्या आधी येशू रडला. मी तेवढंही केलं नव्हतं.

यजमान कदाचित टिळकांचा दाखला देतील. नारायण वामन टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या गृहस्थाने नवा करार दिला आणि 1895 मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. खरं आहे. पण तिथे गप्पा आधी झाल्या, पुस्तक नंतर आलं. त्या गृहस्थाचं नाव मी आजवर कुठे वाचलेलं नाही.

माझी आजी राहुरीकडे बायबलबाई होती. वाडीवर जायची, तिथे कोणी दळत बसलेली असली की तिच्या शेजारी बसून ही गोष्ट सांगायची. त्या बाया वाटेने एकमेकींना विचारत होत्या ना, कबरेच्या दारावरची धोंड आपल्यासाठी कोण लोटील? तिथे आली की आजी जात्यावर हात ठेवायची. “ह्याच्या दसपट धोंड. हलवायला किती जणी लागतील?” बाया हिशोब करायच्या, कोणी पाच म्हणे, कोणी आठ. “अन् ह्या तर तिघीच निघाल्या,” म्हणून आजी गप्प बसायची. पुढचं त्याच विचारायच्या.

काकूंनी तर आपणहून विचारलंय. त्यांना आईबद्दल सांगा, शेवटच्या दिवसांत ती काय म्हणायची, कशाची वाट बघायची. ती मला परत भेटणार असं वाटतं, हे ‘आमच्यात’ न म्हणता ‘मला’ म्हणून सांगा. कसं भेटणार ते ठाऊक नसेल तर तसं सांगा. रात्री तीन वाजता जाग येते तेव्हा काहीच वाटत नाही, असं असेल तर तेही सांगून टाका.

पिठल्याचा डबा अजून तुमच्याकडेच असेल. तो द्यायला जा, आणि या वेळी चहा त्यांना टाकू द्या.