विमानाच्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनला (इंजिनात स्पार्क पाडणाऱ्या यंत्रणेला) पॉवर मास्टर स्विचनंतरच्या बसवरून (उपकरणांना वीज वाटणाऱ्या पट्टीवरून) द्यावी का?

नको, थेट बॅटरीवरून द्या. तुमच्या लायकॉमिंग इंजिनावर एका बाजूला मॅग्नेटो आहे, दुसऱ्या बाजूला इलेक्ट्रॉनिक इग्निशन. मॅग्नेटो स्वतःची वीज स्वतः तयार करतो, इलेक्ट्रॉनिकला मात्र बाहेरून लागते. कॉकपिटमध्ये धूर दिसला की पायलट बसवरची वीज तोडायला आधी मास्टर बंद करणार, आणि त्या क्षणी इग्निशन चालू राहायलाच हवं.

म्हणून बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून स्वतंत्र वायर, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज, मग इग्निशनचा वेगळा स्विच. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो, त्यामुळे तो स्विचजवळ लावून उपयोग नाही. किती अँपिअरचा, ते मॅन्युअलप्रमाणे.

ग्राउंडकडे (निगेटिव्ह जोडणीकडे) सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. रंगवलेल्या पत्र्यावर स्क्रू मारून ग्राउंड घेऊ नका. स्टार्टर फिरताना इग्निशन मॉड्यूलच्या टोकाशी व्होल्टेज मोजा. ते मॅन्युअलमधल्या किमान आकड्याखाली गेलं तर स्पार्क चुकीच्या वेळी पडून इंजिन उलटा झटका देऊ शकतं.

पुण्यात आहात, तर बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ हवं ते मिळेल, पण ही वायर तिथली साधी पीव्हीसीची घेऊ नका. पीव्हीसी जळली की विषारी धूर होतो. टेफझेल (उष्णता सहन करणारं प्लास्टिक) कोटिंगची विमानाची वायरच मागवा, थांबावं लागलं तरी.

पुढे मॅग्नेटो काढून दोन्ही बाजू इलेक्ट्रॉनिक केल्यात, तर दुसरी बॅटरी हवीच. पहिल्या उड्डाणाआधी जमिनीवर मास्टर आणि मॅग्नेटो दोन्ही बंद करून इंजिन चालतं का, ते नक्की बघा.