वाचकांचे प्रश्न : आठशे मीटर आणि अर्धपोटी सराव

प्रश्न : मी २१ वर्षांची असून पोलीस शिपाई भरतीच्या तयारीसाठी आठ महिन्यांपासून तालुक्याच्या गावी खोली घेऊन राहते व मेसमध्ये जेवते. एकही खाडा न करता रोज पहाटे जीव तोडून ८०० मीटर धावते. सुरुवातीला वेळ झपाट्याने सुधारली, परंतु गेले तीन महिने ती ३ मिनिटे २० सेकंदांवर अडकली आहे. पहिली फेरी दीड मिनिटात होते, दुसरीला १ मिनिट ५० सेकंद लागतात व शेवटी पाय उचलत नाहीत. मैदानावर जाताना फक्त चहा घेते आणि वजन वाढू नये म्हणून रात्रीची भाकरी सोडली आहे. हल्ली पाळीही पुढे जाते. बरोबरच्या मुली प्रोटीन पावडर घेतात, मीही सुरू करावी का?
– एक वाचक (नाव छापू नये ही विनंती)

उत्तर : तुम्ही दोन्ही फेऱ्यांच्या वेळा स्वतंत्रपणे कळवल्या हे फार बरे झाले, कारण वीस सेकंदांच्या त्या फरकातच तुमच्या अडचणीचा मोठा भाग आहे. पहिल्या चारशे मीटरमध्ये तुम्ही आवाक्याबाहेरच्या वेगाने सुटता आणि त्याची किंमत दुसऱ्या फेरीत मोजता. दोन्ही फेऱ्या प्रत्येकी १ मिनिट ३६ सेकंदांत झाल्या, तरी एकूण वेळ ३ मिनिटे १२ सेकंद होईल. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण याच धावेला असल्याने हे आठ सेकंद मोलाचे आहेत.

दुसरी चूक अशी, की तुम्ही रोज सराव करत नसून रोज परीक्षा देत आहात. तीन मिनिटांच्या धावेत निम्म्याहून अधिक ऊर्जा प्राणवायूच्या साहाय्याने तयार होते आणि ती क्षमता रोज ऊर फुटेपर्यंत पळून वाढत नाही. आठवड्यातून तीन दिवस ३० ते ४० मिनिटे अशा संथ गतीने धावा, की सोबतच्या मैत्रिणीशी पूर्ण वाक्य बोलता येईल. तिला तुमचे म्हणणे तुटक ऐकू येऊ लागले, तर वेग कमी करा. दोन दिवस २०० मीटरच्या सहा धावा घ्या. प्रत्येक धाव ४५ ते ४६ सेकंदांत संपवून मध्ये दोन मिनिटे चाला. पहिली धाव ४० सेकंदांत मारून सहावी ५२ वर नेणे म्हणजे तीच जुनी सवय पुन्हा गिरवणे होय. एक दिवस ४ किलोच्या गोळ्यासाठी बैठका, जोर आणि फेकीचे तंत्र यांना द्यावा, एक दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी आणि घड्याळ लावून ८०० मीटर तीन आठवड्यांतून एकदाच धावावे.

आता मला अधिक गंभीर वाटणाऱ्या गोष्टीकडे वळतो. खर्च वाढवून आवक घटवली की शरीर काटकसर सुरू करते आणि पाळी लांबणे ही त्या काटकसरीची खूण असू शकते. ती मेहनतीचे प्रमाणपत्र समजून दुर्लक्षू नये. रात्रीची भाकरी आजपासून पुन्हा सुरू करा. पहाटे निघण्यापूर्वी अर्धा तास एक केळे किंवा दोन-तीन खजूर खा आणि परतल्यावर तासाभराच्या आत पोटभर न्याहारी करा.

त्याचबरोबर जवळच्या ग्रामीण रुग्णालयात हिमोग्लोबिन तपासून घ्या आणि पाळीविषयी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. स्त्रियांमध्ये हिमोग्लोबिन दर १०० मिलिलिटर रक्तामागे १२ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय मानतात आणि महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रिया त्या रेषेखाली आहेत. रक्तातून प्राणवायू वाहून नेणारा घटकच कमी पडला, तर कोणतेही वेळापत्रक तुमची दुसरी फेरी सुधारू शकणार नाही. लोहाच्या गोळ्या मात्र अहवाल पाहून डॉक्टरांनी सांगितल्यावरच घ्याव्यात. आहारात बाजरी, मटकी, पालेभाज्या व अळीव असावेत. अळिवाचे लाडू केवळ बाळंतिणीसाठी असतात, हा समज सोडून द्यावा. उसळीवर लिंबू पिळल्याने किंवा जेवणासोबत पेरू, आवळा घेतल्याने वनस्पतींतील लोह अधिक शोषले जाते, तर जेवणाला लागून घेतलेला चहा त्यात अडथळा आणतो; म्हणून चहा आणि जेवण यांत किमान एक तासाचे अंतर ठेवावे. गूळ-शेंगदाणे अवश्य खावेत, परंतु सुपारीएवढ्या खड्यातून मिळणारे लोह अगदी थोडे असते. गुळाची कीर्ती त्याच्या कामगिरीपेक्षा मोठी आहे.

पावडरीची तुम्हाला गरज दिसत नाही. दोन अंड्यांतून सुमारे १२ ग्रॅम, ५० ग्रॅम फुटाण्यांतून १० ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांतून ७ ग्रॅम आणि पेलाभर दुधातून तितकीच प्रथिने मिळतात. आमटी, उसळ व भाकरी यांची भर पडली, की पन्नास-पंचावन्न किलो वजनाच्या धावपटूची गरज बहुतांशी भागते. मेसची आमटी पातळ असते, ही तक्रार मला अनेक पत्रांतून कळते. त्यावर खोलीत मटकीला मोड आणणे हा सोपा उपाय आहे.

प्रश्न : माझा मुलगा भरतीसाठी डांबरी रस्त्यावर १६०० मीटरचा सराव करतो. महिनाभरापासून त्याच्या पायाची नळी दुखते. पट्टी बांधून धावू द्यावे का?

उत्तर : धावू देऊ नये. नडगीच्या आतल्या कडेने वीतभर पट्ट्यात दुखत असेल, तर तो बहुधा अचानक वाढवलेल्या सरावाचा ताण असतो आणि दोन-तीन आठवडे धावणे थांबवून सायकल चालवल्यास सहसा उतरतो. मात्र दुखरी जागा त्याला एका बोटाने नेमकी दाखवता येत असेल, दाबल्यावर कळ येत असेल किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला सूक्ष्म तडा गेल्याची शंका घेऊन अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. असा तडा सुरुवातीच्या एक्स-रेत अनेकदा दिसत नाही, त्यामुळे फोटो स्वच्छ आला म्हणून दुसऱ्याच दिवशी त्याला रस्त्यावर पाठवू नये. पुन्हा सुरुवात करताना मातीचे मैदान निवडावे आणि झिजलेले बूट बदलून घ्यावेत.